तमिळ कागदावरची माझी सही

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गलाईवाल्याला मुलगी देताना घर बघत नाहीत, दुकान कुठं आहे ते विचारतात. विटा आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली, सोनं-चांदी गाळायचं काम शिकली आणि देशभर पसरली. दक्षिणेतल्या कुठल्याही सराफ बाजारात गेलात तर खानापूर-आटपाडीकडचा एखादा माणूस मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, तापवत बसलेला भेटेल. माझं लग्न २०१२ साली झालं तेव्हा नवऱ्याचं दुकान तमिळनाडूत होतं. गावाचं नाव लिहीत नाही. दुकान खाली, आम्ही वरच्या मजल्यावर. खालून तेजाबाचा वास यायचा आणि वरच्या खिडकीची जाळी दर दोन वर्षांनी गंजून जायची.

मी बारावी पास. रेल्वेत बसले तेव्हा शिकलेली होते, उतरले तेव्हा अडाणी झाले. दुकानांच्या पाट्या वाचता येईनात, बसवरचं गाव कळेना, मुलीच्या शाळेतून आलेली चिठ्ठी जाऊबाईंकडे न्यावी लागायची. दहा वर्षांत बाजारापुरतं तमिळ आलं. भाव विचारायचा, 'कम्मी पण्णुंगा' म्हणून थोडं कमी करून घ्यायचं, पाणी मागायचं. भांडणाचं तमिळ आलं नाही, आणि दुखतंय कुठं हे नीट सांगायचंही नाही. घरात मराठी, दुकानात मराठी, दिवाळीला गलाई बांधवांच्या कार्यक्रमातही मराठीच. शिकायची गरज पडली नाही असं मला वाटायचं. आता कळतं की मी शिकू नये हे घरातल्या काही जणांच्या सोयीचं होतं. तमिळ शिकवणी लावते म्हटलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "कुणाशी बोलायचंय तुला?"

मारहाण पहिल्या वर्षापासून होती. सगळी इथं सांगत बसत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यानं माझा डावा हात पिरगाळला आणि मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, नवऱ्यानं तमिळमध्ये सांगितलं, डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी मधे बसले होते, हात मांडीवर ठेवून. त्या कागदावर 'बाथरूममध्ये पाय घसरून पडली' असं लिहिलंय हे मला चार महिन्यांनी कळलं.

प्लास्टर घालून आल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारची एक अक्का मला रिक्षात घालून महिला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. तमिळनाडूत १९९२ पासून फक्त बायकांसाठी पोलीस ठाणी आहेत, चेन्नईत पहिलं निघालं आणि मग राज्यभर झाली. तिथं सगळ्या पोलीस बायकाच. मला फार धीर आला होता. मी हात दाखवला, जमेल तसं सांगितलं. समोरच्या बाईंना थोडं हिंदी येत होतं, पण ते माझ्या तमिळएवढंच. तिनं बराच वेळ ऐकलं आणि मग शेवटी विचारलं, घरात तमिळ कुणाला येतं? मी थोरल्या दिराचं नाव सांगितलं. दुसरं कुणाचं सांगणार होते? अक्काला मराठी येत नव्हतं.

दीर आले. नवराही आला. मी मराठीत सांगत गेले, दीर तमिळमध्ये सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. माझं वाक्य लांब असायचं आणि त्यांचं छोटं, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा ओरडून उठायला हवं होतं असं आज वाटतं. पण पोलीस ठाण्यात बसलेली, हात ठणकतोय, मुलगी घरी जाऊबाईंकडे. शेवटी बाईंनी कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "समादानमा?"

मी ऐकलं 'समाधान'. मला वाटलं विचारतायत, तक्रार लिहून झाली, समाधान झालं का? मी मान हलवली. "हो, समाधान," असं तोंडानंही म्हणाले. आणि तमिळ मजकुराखाली उजव्या हातानं, शाळेत शिकवली तशी, देवनागरीत पूर्ण नाव लिहून सही केली. एक पावती दिली, त्यावर नंबर होता. तो कागद मी ब्लाउजच्या आत ठेवून घरी आणला. माझी तक्रार आहे म्हणून जपला.

त्या रात्री नवऱ्यानं जेवताना शांतपणे सांगितलं, "आता तू लिहून दिलंयस." काय लिहून दिलंय ते मला कळेना.

२०२३ च्या फेब्रुवारीत दादा येऊन मला आणि मुलीला घेऊन गेला. बेंगळुरूला गाडी बदलून मिरजेला उतरलो. प्लॅटफॉर्मवर मराठीतली घोषणा ऐकली आणि मला रडू आलं. मुलगी विचारत होती, "आई, काय दुखतंय?" तिला मी बोट दाखवून सगळ्या पाट्या वाचून दाखवल्या. पिण्याचे पाणी. चौकशी. बाहेर जाण्याचा मार्ग.

माहेरी आईनं पहिल्यांदा प्लास्टर काढलेला हात बघितला. मनगटाला थोडा बाक राहिलाय. ती म्हणाली, "सही करताना वाचलं न्हाईस व्हय गं?" मी म्हटलं, "वाचता येत न्हवतं आई." माझ्या आईला स्वतःला सही येत नाही, ती अंगठा करते. ती बराच वेळ गप्प बसली.

दादानं आधी एका पोलीस ठाण्यात नेलं. तिथं सांगितलं, घडलंय तिकडं, तर तक्रारही तिकडंच द्यावी लागेल. आम्ही परत आलो. हे उत्तर चुकीचं होतं, हे मला पुढं समजलं. सुप्रीम कोर्टानं २०१९ साली रूपाली देवी प्रकरणात सांगितलंय की सासरच्या छळामुळं बाई जिथं आसऱ्याला आली असेल, तिथंही ४९८अ ची, म्हणजे दंडसंहितेतल्या विवाहितेच्या छळाच्या कलमाची, तक्रार चालते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी पोलिसांनी माहिती नोंदवून घ्यायची, हे स्पष्टच लिहिलंय. तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिकडं परत जायचं या विचारानं माझं जेवण तुटलं होतं.

वाट दाखवली गावातल्या अंगणवाडीच्या बाईंनी. त्या म्हणाल्या, संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं जा, पोलिसांच्या आधी. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात बाई जिथं राहते, तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज करता येतो. कलम २७. हा आकडा मला पाठ झालाय, कारण पुढं सहा महिने याच आकड्यावर माझं सगळं टिकून होतं.

संरक्षण अधिकारी मॅडमनी घरगुती घटना अहवालाचा छापील नमुना काढला. त्यात रकाने असतात. शारीरिक हिंसा, लैंगिक हिंसा, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक. प्रत्येकापुढं तारीख, वेळ, जागा, कोणी केलं. मी सांगत होते, त्या लिहीत होत्या. दीड तास गेला. लिहून झाल्यावर मी पेन मागितलं, तर त्या म्हणाल्या, "थांबा, आधी ऐका." आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागल्या.

मी दहा वर्षांनी माझीच गोष्ट माझ्या भाषेत ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, 'पतीने ढकलून दिल्याने हातास दुखापत झाली.' मी त्यांना थांबवलं. म्हटलं, ढकललं नाही. पिरगाळला. असा. आणि माझ्या उजव्या हातानं डावा हात धरून दाखवला. त्यांनी ती ओळ खोडली, 'हात पिरगाळला' लिहिलं, खोडलेल्या जागी माझी छोटी सही घेतली आणि पुढं वाचायला लागल्या. एका शब्दासाठी कुणी थांबलं, ही गोष्ट मी विसरणार नाही. ढकललं म्हटलं की तोल गेला, चुकून झालं, असं म्हणायला जागा राहते. पिरगाळायला दोन हात लागतात आणि वेळ लागतो.

वकिलाचा खर्च आला नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडं साधा अर्ज केला, वकील मॅडम मिळाल्या. (१५१०० हा त्यांचा देशभराचा नंबर. मला तो तमिळनाडूत कुणी सांगितला असता तर.) त्यांनी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम १२ चा अर्ज तयार केला, सोबत कलम २३ खाली तातडीच्या अंतरिम आदेशाची मागणी केली. संरक्षण, पोटगी, मुलीचा ताबा, आणि स्त्रीधन परत.

स्त्रीधनाबद्दल थांबून लिहिते, कारण गलाईच्या घरात हा प्रश्न वेगळाच असतो. वडिलांनी चार तोळ्यांच्या पाटल्या आणि अडीच तोळ्यांची मोहनमाळ घातली होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी धंद्यात अडचण आली म्हणून नवऱ्यानं ते मागून घेतलं आणि माझ्या डोळ्यांदेखत मुशीत टाकलं. पाटल्या आधी कडेनं लाल झाल्या, मग वाकल्या, मग पाणी झालं. सोनं मुशीत गेलं की त्याला माहेर राहत नाही. टंच काढला, म्हणजे कस बघितला, लगड झाली, ती विकली गेली. वकील मॅडमनी विचारलं, पुरावा? वडील आता नाहीत. आईनं त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून सराफाची पावती शोधून काढली, घडी पडून पडून चार तुकडे व्हायला आलेली. आणि लग्नाचा अल्बम. त्यातल्या एका फोटोत मी पाटावर अक्षता घेऊन बसले आहे आणि दोन्ही हातांत पाटल्या दिसतात. तो फोटो कोर्टात निशाणी म्हणून लागला.

नोटीस दोनदा परत आली. दुकान बंद, असा शेरा. दुकान बंद नव्हतं. तिसऱ्यांदा, जूनमध्ये, बजावणी झाली. ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या वकिलांनी म्हणणं दाखल केलं. त्यात दोन मुद्दे. पहिला, सगळं तमिळनाडूत घडलं, इथल्या कोर्टाला अधिकार नाही. त्याला कलम २७ हे उत्तर होतं, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं श्यामलाल देवडा प्रकरणात तेच सांगितलं होतं. दुसरा मुद्दा म्हणजे तो कागद. माझी तक्रार म्हणून मी जपलेल्या पावतीच्या नंबराचा, माझ्या सहीचा.

मजकूर तमिळमध्ये. कोर्टाची भाषा मराठी, १९९८ पासून राज्यातल्या खालच्या कोर्टांची हीच आहे. भाषांतर हवं. आमच्या गावात तमिळ वाचणारी माणसं पंधरा-वीस तरी असतील, निम्मी आयुष्यं तिकडं काढलेली. पण सगळी कुणाच्या ना कुणाच्या पाव्हण्यातली. एका काकांकडं गेले, तर ते कागद हातात न घेताच म्हणाले, "कशाला वाचायला लावतीस? मिटवून टाक." पुन्हा तेच. माझं म्हणणं दुसऱ्या भाषेत जाताना मधे उभा असलेला माणूस त्यांचाच.

वकील मॅडमनी मिरजेतल्या एक निवृत्त नर्सबाई शोधल्या. मिरजेत दवाखान्यांमुळं दक्षिणेकडच्या नर्सबाई पुष्कळ. यांचं माहेर तमिळनाडूतलं, तीस वर्षांहून जास्त इथं नोकरी झाली, मराठी आमच्यासारखीच बोलतात. मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद मनात वाचला आणि माझ्याकडं बघितलं. मग सांगितलं. 'पतीसोबत किरकोळ घरगुती वाद झाला होता. आता आमच्यात समेट झाला आहे. मला कोणतीही कारवाई नको. यापुढे मी पतीशी जुळवून घेईन.' हाताचा उल्लेखच नव्हता.

"त्यांनी मला समाधान झालं का विचारलं होतं," मी म्हटलं.

"समादानम म्हणजे समाधान नव्हे, बाळ," त्या म्हणाल्या. "समेट. तडजोड. त्यांनी विचारलं, मिटलं का."

मी टेबलाची कड धरून बसले. त्यांनी पाणी दिलं.

भाषांतराला त्यांनी प्रतिज्ञापत्र जोडलं. मला तमिळ व मराठी दोन्ही भाषा लिहिता-वाचता येतात, दोन्ही पक्षांशी माझं नातं नाही, भाषांतर खरं आणि बरोबर आहे. कोर्टात साक्षीदाराचं बोलणं जो दुभाषी सांगतो, त्यालाही शपथ घ्यावी लागते, १९६९ च्या शपथ कायद्यात तसं आहे. माझ्या दिरांना त्या ठाण्यात कुणी शपथ दिली नव्हती. मारणाऱ्याचा सख्खा भाऊ मार खाणारीचं तोंड झाला होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. माझा त्या लिहिणाऱ्या बाईंवर आता पूर्वीइतका राग नाही. तिच्याकडंही दुसरं कुणी नव्हतं. पण नसेल तर फोन लावून कुणी शोधता आलं असतं, निदान मला मराठीत लिहू देता आलं असतं. मला लिहिता येत होतं. उजवा हात धडधाकट होता. हे मला कुणी सुचवलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

वकील मॅडमनी युक्तिवादात एवढंच दाखवलं की मजकूर तमिळमध्ये, सही देवनागरीत, आणि 'मजकूर अर्जदाराला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवला, बरोबर असल्याचे सांगितले' अशी एक ओळही त्या कागदावर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश झाला. मला सात हजार, मुलीला चार हजार महिना, आणि त्यानं आमच्याशी कुठल्याही मार्गानं संपर्क साधायचा नाही. हा संपर्क न साधण्याचा आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यानंतर दिरांचे रात्रीचे फोन बंद झाले.

उलटतपासाच्या दिवशी समोरच्या वकिलांनी तो कागद पुढं धरला. ही सही आपली आहे का? मी म्हटलं, सही माझी आहे. मजकूर माझा नाही. ते म्हणाले, फक्त विचारलं तेवढंच सांगा. पण न्यायाधीशांनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली.

४९८अ ची तक्रार मी दिलेली नाही. द्यायचा हक्क आहे हे माहीत आहे, नव्या न्याय संहितेत ते कलम ८५ झालंय हेही. मुलीला बापाविरुद्ध पोलिसांपुढं उभं करायचं नव्हतं. तो माझा निर्णय आहे, आणि दुसरी बाई वेगळा घेईल तर तो तिचा.

या सगळ्या तारखांच्या मधे एक गोष्ट घडली. संरक्षण अधिकारी मॅडमकडं कागद द्यायला गेले होते, तर बाकावर एक मुलगी बसली होती, यंत्रमागावर कामाला आलेल्या कुटुंबातली, बिहारची. बोली भोजपुरी. मॅडम हिंदीत विचारत होत्या आणि तिच्या वतीनं तिची नणंद उत्तरं देत होती. माझ्या अंगावर काटा आला. मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, त्या नणंदेला बाहेर बसवा. त्यांनी लगेच बसवलं. मग मुलगी हळूहळू, मोडक्या हिंदीत, स्वतः बोलायला लागली. तिला आमची मराठी म्हणजे माझी तमिळच होती. कायद्यात 'कोणतीही स्त्री' असं म्हटलंय, कुठल्या गावची, कुठल्या भाषेची असं काही नाही. परदेशातून आलेलीलाही तो हक्क आहे. पण नमुना मराठीत छापलेला असतो.

आमच्या जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्ता बायकांची चळवळ उभी केली तेव्हा आई तरुण होती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं नाव रेशन कार्डावर वेगळं हवं म्हणून बायका मोर्चाला गेल्याचं ती सांगते. माझं रेशन कार्ड निघालं त्या दिवशी तिनं ते देव्हाऱ्यासमोर ठेवलं. कार्डावर माझं नाव पहिलं आणि मुलीचं दुसरं.

अंतिम आदेश २०२५ मध्ये झाला. स्त्रीधनाची किंमत आजच्या भावानं द्यायची. त्यातलं अजून काही आलेलं नाही. कलम २७ प्रमाणंच हा आदेश देशभर चालतो, पण तिकडच्या पोलिसांना तो दाखवायचा तर नक्कल मराठीत आहे. म्हणून गेल्या महिन्यात मी पुन्हा मिरजेला गेले. तेच स्वयंपाकघर, तेच टेबल. नर्सबाई मराठी आदेश बाजूला ठेवून तमिळमध्ये उतरवत होत्या. एका ठिकाणी थांबून त्यांनी बोट ठेवलं. "हे तुझं नाव."

मी ती गोल गोल अक्षरं बघितली. पहिल्यांदाच. मग पान पूर्ण झाल्यावर म्हटलं, "आता मला मराठीत वाचून दाखवा. पहिल्या ओळीपासून."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.